कालव्यावरच्या बोटीत हिवाळा: ऊब कुठून आणायची, हवा कशी राखायची

लंडनमधलं घरभाडं झेपत नाही म्हणून कालव्यावरची जुनी बोट विकत घेऊन तिच्यातच संसार थाटणारे बरेच लोक आहेत. यंदा माझी भाची आणि तिचा नवरा त्यांच्यात जाऊन बसले. ताई ठाण्याच्या नौपाड्यात राहते, मी नेरुळला. बातमी कळल्यापासून तिचा एकच धोशा: "तू एवढी वर्षं जहाजावर काढलीस, मग सांग की, बर्फ पडेल तेव्हा पोरं त्या लोखंडी डब्यात राहणार कशी?"

आमच्या भागात या प्रश्नावर बोलायला माणसं पुष्कळ मिळतात. करावे गावाजवळ टी. एस. चाणक्य ही मर्चंट नेव्हीचं शिक्षण देणारी संस्था आहे, सीवूड्स-नेरुळमध्ये जहाजावर नोकरी केलेली बरीच घरं आहेत. मी स्वतः मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो. पण मोठ्या जहाजावर गरम पाणी, वाफ, हवा या सगळ्यासाठी यंत्रं असतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला चोवीस तास माणसं असतात. छोट्या बोटीत स्वयंपाकघर, झोपायची जागा आणि जळणारी आग एकाच बोळात असते, आणि लक्ष ठेवणारी माणसं रात्री झोपलेली असतात. म्हणून हा विषय मी मुळापासून तपासला, आणि ताईला, भाचीला आणि अशाच घरांतल्या इतरांना कळेल असा इथे मांडतोय.

मुद्दा एकच आहे आणि बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. एवढ्याशा जागेत ऊब निर्माण करणं सोपं असतं. जळणाला हवा पुरवणं, जळून झालेला वायू शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर काढणं आणि माणसांच्या श्वासातली वाफ घालवणं, हे खरं काम. हीटर निवडताना लोक किलोवॅट आणि किंमत बघतात. मी आधी विचारतो: याचा धूर कुठून जातो, आणि याला वीज किती लागते?

किती ऊब लागते?

या बोटींना तिकडे नॅरोबोट म्हणतात. जुन्या कालव्यांची लॉकगेटं (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या हौदांची दारं) अरुंद, म्हणून बोटीची रुंदी जेमतेम ७ फूट, लांबी मात्र ७० फुटांपर्यंत. भाचीची बोट ५७ फुटांची. पुढचा-मागचा उघडा भाग आणि इंजिनाची जागा सोडली तर राहायला साधारण १२ मीटर लांब आणि २ मीटर रुंद जागा उरते, म्हणजे सुमारे २६० चौरस फूट. आपल्याकडच्या छोट्या वन आरकेएवढी, पण एका रांगेत.

अंगाला पोलादी पत्रा, त्याच्या आत इंचभर फोम, वर लाकडी फळ्या. बाहेर शून्य अंश आणि आत १८ अंश ठेवायचे असतील तर ऊब कुठून कुठून निसटते याचा हिशेब मी मांडला. भिंती आणि छतातून सुमारे सव्वा किलोवॅट. एकेरी काचेच्या खिडक्या जेमतेम ५ चौरस मीटर, पण त्यांतून जवळपास अर्धा किलोवॅट. खालून, कालव्याच्या थंड पाण्याकडे, आणखी अर्धा. झरोक्यांतून जाणाऱ्या हवेबरोबर अर्ध्याच्या आत-बाहेर. बेरीज ३ किलोवॅटच्या आसपास येते. हा कडाक्याच्या रात्रीचा आकडा झाला. नोव्हेंबरच्या सौम्य दिवशी याच्या निम्म्यात काम भागतं.

हा हिशेब मुद्दाम दिला, कारण दुकानदार ८ किलोवॅटचं यंत्र गळ्यात मारायला बघतो आणि घेणाऱ्यालाही वाटतं की जास्त असलं तर बरंच. ते बरं नसतं. मोठी आग कायम मंद ठेवावी लागते, आणि मंद आग नीट जळत नाही. स्टोव्ह असेल तर धुरांड्यात डांबर साचतं, डिझेल हीटर असेल तर आत काजळी. नीट न जळलेल्या आगीतूनच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जास्त निघतो. ४ ते ५ किलोवॅटचं साधन अशा बोटीला पुरेसं आहे.

हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. काचा जागेच्या मानाने फार ऊब खातात. रात्री जाड पडदे लावणं किंवा काचेवर आतून पारदर्शक प्लास्टिकची दुसरी पातळ खिडकी बसवणं, हा सगळ्यात स्वस्त "हीटर" आहे.

वीज: किनाऱ्याला बांधलेल्या बोटीसाठीच

आपल्याला पहिल्यांदा सुचतं ते विजेचं. भाचीनेही तेच विचारलं होतं: "मामा, छोटा फॅन हीटर लावला तर?"

१२ व्होल्टची १०० अँपिअर-अवर लेड-अॅसिड बॅटरी म्हणजे कागदावर १.२ युनिट. ती निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून हाताशी खरी ०.६ युनिट. २ किलोवॅटचा हीटर ती १८ मिनिटांत संपवतो. लिथियम बॅटऱ्यांचा मोठा संच घेतला तरी तो पुन्हा भरायचा कुठून, हा प्रश्न राहतोच. छतावर सोलर पॅनल असतात, पण २१ डिसेंबरला भरदुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून फक्त १५ अंश वर येतो. त्याच दिवशी ठाण्यात तो ४७ अंशांवर असतो. तिकडचा तो दिवसही आठ तासांहून छोटा, आणि त्यात ढग. ज्या महिन्यात ऊब सगळ्यात जास्त लागते त्याच महिन्यात पॅनल जवळजवळ झोपलेले असतात.

मरिनामध्ये, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्यावर, कायमची जागा घेतली आणि किनाऱ्यावरून १६ अँपिअरचं कनेक्शन मिळालं तर गोष्ट वेगळी. तिथे सुमारे साडेतीन किलोवॅट ओढता येतात आणि तेल भरलेला रेडिएटर हे सगळ्यात निर्धोक साधन ठरतं, कारण आत काही जळतच नाही. पण अशा जागेला भाडं मोजावं लागतं. ज्यांच्याकडे कायमची जागा नाही त्यांना कालव्यांची व्यवस्था बघणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या नियमाप्रमाणे साधारण १४ दिवसांपेक्षा जास्त एका ठिकाणी थांबता येत नाही, पुढे सरकावंच लागतं. भाचीची बोट अशीच फिरती आहे. तिच्यासाठी विजेचं दार बंद.

गॅस: स्वयंपाकाला उत्तम, उबेला महाग

आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. तिकडे दोन्ही वेगवेगळे मिळतात आणि तिथे चूक करून चालत नाही. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. सिलिंडर भरलेला, पण शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो, म्हणून हिवाळ्यात प्रोपेनच घ्यायचा.

१३ किलोच्या प्रोपेनच्या सिलिंडरमध्ये सुमारे १६५ युनिट ऊर्जा असते. ३ किलोवॅटने चालवलं तर दोन दिवसांत सिलिंडर रिकामा. त्यामुळे गॅसवर रेडिएटर चालवणं हे शनिवार-रविवारी बोटीवर येणाऱ्यांना परवडतं, तिथेच राहणाऱ्यांना नाही.

आणि हा वायू हवेपेक्षा जड आहे. गळती झाली तर तो बोटीच्या तळाशी जाऊन साठतो, कारण बोटीला दाराखालची फट नसते. म्हणून सिलिंडरची पेटी राहत्या जागेपासून बंदिस्त असते आणि तिच्या तळाचं भोक थेट बोटीबाहेर उघडतं. त्या भोकापुढे दोरखंड, बादल्या, पिशव्या ठेवायच्या नाहीत.

चाकावरचा, मागे सिलिंडर बसवलेला, धुरांडं नसलेला गॅस हीटर बोटीत आणूच नये. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. धुरांडं नाही म्हणजे ते सगळं पाणी खोलीत, गाद्यांत, कपड्यांत. आणि त्याच्याबरोबर येणारा विषारी वायूही खोलीतच.

डिझेल हीटर: बटण दाबलं की ऊब

बोटीच्या इंजिनाला डिझेल लागतंच, टाकी आहेच, मग त्याच टाकीतून हीटर चालवावा हा सरळ विचार. वेबास्टो आणि एबरस्पेशर या दोन जर्मन कंपन्यांचे हीटर तिकडे जुने आणि माहितीतले आहेत. शिवाय ट्रकसाठी बनलेले स्वस्त चिनी हीटरही मिळतात. काही गरम हवा फेकतात, काही पाणी तापवून रेडिएटरमध्ये फिरवतात. १ लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा. पूर्ण दिवस ३ किलोवॅटने चालवला तर ९ लिटरच्या आसपास जाळतो. तिकडे बोटीवाल्यांना इंजिनासाठीच्या डिझेलवर पूर्ण कर आणि घरगुती उबेसाठीच्या डिझेलवर कमी कर द्यावा लागतो. भरताना किती टक्के कशासाठी हे सांगायचं असतं, ते खरं सांगावं.

मागच्या महिन्यात भाचीने एक व्हिडिओ पाठवला. बटण दाबलं, पंखा फिरला, पंपाची टिकटिक सुरू झाली, दोन मिनिटांनी यंत्र बंद पडलं आणि पडद्यावर कमी व्होल्टेजचा कोड आला. "मामा, बॅटरी तर बारा पॉइंट दोन दाखवतेय, मग कमी कसं?" मी तिला हीटरच्याच टोकाला मीटर लावून पुन्हा सुरू करायला सांगितलं. चालू होताना तिथे १०.४ दिसलं.

कारण असं. हे यंत्र सुरू होताना आतला ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेची कांडी, लाल होईपर्यंत तापवतं आणि त्या दोन-तीन मिनिटांत ८ ते १० अँपिअर ओढतं. एवढा भार आला की अर्धवट भरलेली बॅटरी साडेअकरापर्यंत बसते. तिथून हीटरपर्यंत ८ मीटर अंतर, जाण्या-येण्याची मिळून १६ मीटर वायर, जाडी २.५ चौरस मिलिमीटर. तेवढ्या तांब्यात १० अँपिअरला १.१ व्होल्ट वाटेतच खर्च होतो. साडेअकरातून एक पॉइंट एक गेला, उरले १०.४. साडेदहाच्या खाली गेलं की यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. ६ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर वाटेतला खर्च अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. जावईबापूंनी एका दुपारी वायर बदलली, जोड नीट क्रिंप केले, म्हणजे दाबून घट्ट बसवले, आणि हीटर लागला. बोटीतल्या बारा व्होल्टच्या दुनियेत निम्मे बिघाड यंत्रात नसतात, तांब्यात असतात असं माझं मत आहे. नवा पार्ट मागवण्याआधी मीटर लावा.

एकदा पेटला की हीटर १ ते ३ अँपिअरवर चालतो. पण पूर्ण रात्र चालला तर सकाळी बॅटरीत चांगलीच घट दिसते, आणि थांबलेल्या बोटीचं इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ चालवायला मनाई आहे. म्हणजे रात्री वीज संपली तर सकाळपर्यंत ऊबही संपली. डिझेल हीटरची ही कमजोर बाजू कुणी विकताना सांगत नाही.

दुसरी कमजोरी काजळीची. तासन्‌तास मंद चालवला की आत कार्बनचा थर बसतो. दर वेळी बंद करण्याआधी वीस-तीस मिनिटं पूर्ण जोरात चालवावा.

आणि आता एक्झॉस्ट, म्हणजे जळालेला वायू बाहेर नेणारी नळी. ट्रकच्या किटमध्ये येणाऱ्या सायलेन्सरला शिवणी सैल असतात, पाणी निथळायला बारीक भोकही असतं. ट्रकखाली तो उघड्यावर टांगलेला असतो, त्यामुळे चालतं. तोच सायलेन्सर बोटीच्या आत, फळीमागे बसवला तर वायू आतच गळतो. डिसेंबर २०१९ मध्ये यॉर्कमध्ये एका मोटरबोटीवर दोन माणसांचा जीव गेला. बोटीतल्या डिझेल हीटरच्या एक्झॉस्टमधून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये आला होता आणि बोटीवर त्याचा अलार्म नव्हता. स्वस्त हीटर घ्यायचा तर घ्या, पण एक्झॉस्ट, सायलेन्सर आणि बोटीच्या अंगातून बाहेर पडणारी तोटी ही बोटीसाठी बनलेलीच घ्या, आणि जोडकाम जाणकाराकडून तपासून घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

डिझेलवर चालणारा पण वीज न लागणारा एक प्रकारही आहे. त्यात डिझेल थेंबाथेंबाने एका भांड्यात उतरतं आणि संथ ज्योत जळत राहते. डेन्मार्कचे रेफ्लेक्स आणि हॉलंडचे कबोला हे त्यातले नावाजलेले. आवाज नाही, बॅटरी नाही, पण बोट सरळ उभी असावी लागते आणि भांड्याची साफसफाई नेमाने करावी लागते.

लोखंडी स्टोव्ह: मेहनतीचा, पण भरवशाचा

बिडाचा छोटा स्टोव्ह, पुढे काचेचं दार, वर छतातून बाहेर जाणारं धुरांडं. बहुतेक नॅरोबोटींचा जीव यातच असतो. त्याला वीज लागत नाही, पंप लागत नाही. सगळं बंद पडलं तरी तो पेटतो. म्हणूनच राहत्या बोटीत मुख्य साधन हेच असावं असं मी ठामपणे सांगतो.

जळणाचे नियम इंग्लंडमध्ये आता कडक आहेत. १ मे २०२१ पासून पिशवीतला साधा दगडी कोळसा विकायला बंदी आली, १ मे २०२३ पासून सुट्यालाही. ओल्या लाकडाच्या छोट्या मोळ्या विकायलाही बंदी, लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. त्यामुळे लोक धूर न करणाऱ्या कोळशाच्या विटा वापरतात. कडाक्याच्या दिवसात १०-१२ किलो लागतात, म्हणजे २५ किलोची पिशवी दोन दिवस. तेवढीच ऊब लाकडातून हवी तर दुपटीहून जास्त वजन वाहावं लागतं आणि रात्रभर आग टिकत नाही. कोळसा आणि लाकूड एकत्र जाळू नये. कोळशातलं गंधक आणि लाकडातली वाफ मिळून आम्ल तयार होतं आणि ते धुरांडं आतून खातं.

हा स्टोव्ह चालवणं हे हाताचं काम आहे, आणि ते शिकायला लागतं. सकाळी राखेची जाळी हलवायची, पण सगळी राख काढायची नाही. निखारे दिसले की खालची हवेची खिडकी पूर्ण उघडायची, दोन-तीन विटा टाकायच्या आणि त्यांच्या कडा लाल होईपर्यंत हात लावायचा नाही. मग हवा थोडी थोडी कमी करत आणायची. कोळशाला हवा खालून लागते, लाकडाला वरून, हे लक्षात ठेवलं की निम्मी कला आली. दार उघडायचं ते एकदम नाही. आधी बोटभर फट, काही सेकंद थांबायचं, धुराला वर जायची सवय होऊ द्यायची, मग उघडायचं. बोटीचं धुरांडं घरासारखं उंच नसतं, त्यामुळे त्याची ओढ कमी. झटक्यात दार उघडलं की धूर खोलीतच येतो.

रात्री झोपताना आग जास्त भरून हवा पूर्ण बंद करणं ही सगळ्यात घातक सवय. आग गुदमरली की कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि थंड धुरांड्याची ओढ संपते. हवा कमी करायची, बंद नाही. काढलेल्या राखेतही तासन्‌तास निखारे असतात आणि त्यातून तोच वायू निघत राहतो. राखेचा डबा झाकणाचा, धातूचा, आणि उघड्या डेकवर. आत कधीच नाही, "दहा मिनिटांसाठी" सुद्धा नाही.

स्टोव्ह पुढच्या टोकाला असला की मागची झोपायची जागा गार राहते. त्याला उपाय म्हणजे स्टोव्हवर ठेवायचा छोटा पंखा, जो स्टोव्हच्या उष्णतेवरच वीज बनवून फिरतो. दुसरा उपाय म्हणजे स्टोव्हच्या मागे पाण्याची पेटी बसवून दोन-तीन रेडिएटर जोडणं. पाइपला नीट चढ दिला तर गरम पाणी पंपाशिवाय आपोआप फिरतं. त्या पेटीत पाणी नसताना स्टोव्ह मात्र पेटवायचा नाही.

अंघोळीच्या पाण्याची फार चिंता नको. बोट चालते तेव्हा इंजिन गरम होतं, आणि त्याचंच गरम पाणी एका टाकीतल्या नळीतून फिरवलं की तासाभरात अंघोळीपुरतं पाणी तापतं.

न दिसणारा वायू

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून जास्त पट घट्ट धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, झोप येते. लोकांना वाटतं पित्त झालं. ताप नाही, घरातल्या सगळ्यांना एकदमच होतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, असं दिसलं तर ते पित्त नव्हे. आग तशीच सोडून आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं.

ठाण्या-मुंबईत हे परकं नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून अंघोळ करताना माणूस बेशुद्ध पडल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. कारण तेच: छोटी जागा, आत जळणारी आग, बंद खिडकी. ताईला मी हेच सांगितलं, आणि तिच्या बाथरूमच्या झरोक्यावर लावलेला पुठ्ठा त्याच दिवशी काढायला लावला.

तिकडे बोटींची सुरक्षा तपासणी दर चार वर्षांनी होते आणि १ एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या बोटींना या वायूचा अलार्म सक्तीचा आहे. अलार्मवर बीएस ईएन ५०२९१-२ हा क्रमांक बघून घ्यायचा. शेवटचा "-२" बोटी आणि कॅरव्हॅनसाठीचा आहे. एक स्टोव्हच्या खोलीत, स्टोव्हपासून १ ते ३ मीटरवर, भिंतीच्या वरच्या भागात. दुसरा झोपायच्या जागेत, उशीच्या उंचीच्या आसपास. हा वायू हवेपेक्षा किंचितच हलका असतो आणि हवेत मिसळून जातो, त्यामुळे तो खाली बसतो ही समजूत चुकीची आहे. गॅस सिलिंडरचा वायू खाली बसतो, हा नाही. दोघांचे अलार्म वेगळे आणि जागाही वेगळ्या. अलार्मवर मुदत लिहिलेली असते. ती संपली की बटण दाबल्यावर आवाज आला तरी तो आतून निकामी झालेला असू शकतो.

ओल, आणि ठाणेकरांची उलटी सवय

आता तो भाग, जो आपल्या माणसांना सगळ्यात अवघड जातो. गरम पोळ्यांच्या डब्याला झाकण लावलं की झाकणाला आतून पाणी सुटतं. पोलादी बोटीत तेच होतं. दोन माणसं रात्रभर श्वास घेतात, त्यातून अर्धा लिटरच्या वर पाणी हवेत जातं. वर चहा, भात, ओले टॉवेल. ही वाफ थंड काचेला, खिडकीच्या चौकटीला, गादीखालच्या फळीला लागते आणि पाणी होते. महिन्याभरात बुरशी.

आपली सवय पावसाळ्याची. जुलैत ठाण्यात बाहेरची हवा २८ अंश आणि ९० टक्के दमट असते, म्हणजे दर घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम पाणी. खिडकी उघडली की ओल आत येते, म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात शून्य अंशाच्या हवेत ती पूर्ण दमट असली तरी दर घनमीटरला ५ ग्रॅमही पाणी मावत नाही. तीच हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची पाणी धरायची ताकद १७ ग्रॅमची होते. म्हणजे ती कोरडी ठणठणीत हवा झाली. बाहेर धुकं असो, रिमझिम असो, झरोका उघडा ठेवला की बोट वाळते.

भाचीने पहिल्या गारठ्यात छतावरचे झरोके आतून कापड कोंबून बंद केले होते. मी फोनवर हा हिशेब सांगितला आणि काढायला लावले. झरोके बंद केल्याने वाचते ती अर्धा किलोवॅट ऊब. त्याच्या बदल्यात मिळते ओल, बुरशी आणि जळणाला हवा नाही. तेवढी अर्धा किलोवॅट स्टोव्हमध्ये तासाला एखाद्या छोट्या विटेने भरून निघते.

बाकी सवयी छोट्या आहेत. भातावर झाकण, स्वयंपाक करताना खिडकी उघडी, गादीखाली हवा खेळायला जाळीदार चटई, कपडे शक्यतो लॉन्ड्रीत वाळवणं.

मग पहिल्या हिवाळ्यासाठी काय करावं?

भाचीला मी जो क्रम दिला तो असा. सगळ्यात आधी दोन अलार्म, मग झरोके मोकळे. मग स्टोव्ह: दाराच्या कडेला फट बुजवायला बसवलेली दोरी घट्ट आहे का हे कागदाची पट्टी दारात धरून ओढून बघायचं, सहज निघाली तर दोरी बदलायची. धुरांड्याचा छतापाशी आणि स्टोव्हपाशी असलेला जोड बॅटरीच्या उजेडात तपासायचा. धुरांडं झाडायचं. मग कोळशाच्या चार पिशव्या छतावर, पावसापासून झाकून, कारण कालवा गोठला की बोट हलत नाही आणि जळण विकणारी बोटही येत नाही. डिझेल हीटर यानंतर, दुसरं साधन म्हणून: ऑफिसमधून परत आल्यावर किंवा पहाटे स्टोव्ह जागा होईपर्यंत तासभर. एक वीज मागतो, दुसरा मेहनत. दोन्ही एकाच कारणाने बंद पडू शकत नाहीत, म्हणून ही जोडी.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. बोटीचं धुरांडं काठावरून चालणाऱ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला येतं. इंग्लंडमध्ये २०२१ च्या पर्यावरण कायद्याने काठाला बांधून ठेवलेल्या बोटींनाही धूरबंदीच्या क्षेत्रात आणायचा अधिकार स्थानिक पालिकांना मिळाला आहे, त्यामुळे थांबण्याच्या ठिकाणचा नियम बघूनच जळण निवडायचं.

मार्च सरला की स्टोव्ह तसाच सोडून देऊ नये. राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंड गंजवते, म्हणून स्टोव्हची आगीची पेटी पूर्ण रिकामी करून आतून घासायची, धुरांडं पुन्हा झाडायचं, वर टोपी लावायची आणि दार किंचित उघडं ठेवायचं. टोपी लावली आहे अशी चिठ्ठी स्टोव्हच्या दारावर चिकटवायची, म्हणजे ऑक्टोबरात कुणी विसरून पेटवणार नाही. डिझेल हीटर मात्र उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा अर्धा तास पूर्ण जोरात चालवायचा, नाहीतर नळीतलं डिझेल चिकट होतं आणि पहिल्या थंडीच्या रात्री पंप नुसताच टिकटिकत बसतो.